ग्रंथपालांसाठी ऑनलाइन साधने : जुन्नर-आंबेगावच्या वाचनालयातून

समजा, नारायणगावच्या वाचनालयात एक शेतकरी येतो आणि विचारतो, "आमच्या उसात बिबट्याची मादी व्यालीय. तिला पकडून लांब नेऊन सोडलं तर त्रास थांबतो का? यावर कुणी अभ्यास केलाय का?" त्याच दिवशी मंचरला एका विद्यार्थिनीला माळीणच्या दुर्घटनेवर प्रकल्प करायचा असतो, आणि जुन्नरला कुणाला तरी नाणेघाटातल्या शिलालेखाबद्दल विश्वासार्ह माहिती हवी असते. वाचनालयाच्या कपाटात कादंबऱ्या, चरित्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि दिवाळी अंक असतात. या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे बहुधा नसतात.

पण ती उत्तरे अस्तित्वात आहेत, आणि त्यांतली बरीचशी फुकट उपलब्ध आहेत. ती कुठे आहेत, कशी शोधायची आणि त्यांतले काय खरे मानायचे, हे माहीत असणे हा आजच्या ग्रंथपालाच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. त्यासाठी कोणती ऑनलाइन साधने उपयोगी पडतात, ते या लेखात पाहू.

## ऑनलाइन साधने म्हणजे नेमके काय?

ग्रंथालय व माहितीशास्त्रात या साधनांचे ढोबळ मानाने चार गट पडतात. पहिला गट ग्रंथालय चालवण्याच्या साधनांचा : पुस्तकांची नोंद, वर्गीकरण आणि देवघेव यांसाठीची सॉफ्टवेअर व तयार ग्रंथनोंदी. दुसरा गट वाचकाला देण्याच्या मजकुराचा : ई-पुस्तके, कोश, प्रबंध, नियतकालिके. तिसरा गट ग्रंथपालाच्या स्वतःच्या शिक्षणाचा : अभ्यासक्रम, व्यावसायिक नियतकालिके. चौथा गट शासकीय कामाचा : अनुदान, योजना, नियम.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला चौथा सिद्धांत सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. एखादे ऑनलाइन साधन उपयोगाचे आहे की नाही, हे ठरवायला आजही हीच कसोटी पुरेशी आहे.

## सार्वजनिक ग्रंथालयाची चौकट

महाराष्ट्रातली गावोगावची वाचनालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ या कायद्याच्या चौकटीत चालतात. ती बहुतांशी स्थानिक संस्थांनी काढलेली आहेत. शासन त्यांना मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवते आणि वर्गानुसार अनुदान देते. ग्रंथालय संचालनालय मुंबईत आहे आणि जिल्ह्याचे काम जिल्हा ग्रंथालय अधिकारी पाहतात. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे व नियतकालिके यांवर वर्ग अवलंबून असतो. म्हणून दाखल नोंदवही नीट ठेवणे हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही, अनुदानाचाही आहे.

संचालनालयाच्या संकेतस्थळावर कायदा, नियम, शासन निर्णय आणि अर्जाचे नमुने मिळतात. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले. ग्रंथखरेदी, इमारत, फर्निचर, संगणक अशा कामांसाठी ते राज्यांमार्फत मदत करते. त्याच्या समान निधी व असमान निधी योजनांची माहिती प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर आहे. ही दोन संकेतस्थळे दर महिन्याला एकदा उघडून पाहण्याची सवय ठेवावी. मुदत टळल्यावर समजलेल्या योजनेचा काही उपयोग नसतो.

याशिवाय या दोन तालुक्यांत महाविद्यालयीन ग्रंथालये आहेत. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय ही त्यांतली काही. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

## ग्रंथनोंदी आणि वर्गीकरण

पुस्तकाची तालिका करताना प्रत्येक नोंद शून्यातून तयार करायची गरज नसते. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि वर्ल्डकॅट ही जागतिक ग्रंथसूची यांत मराठी पुस्तकांच्याही मोठ्या प्रमाणात नोंदी आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे नवी दिल्लीतले कार्यालय १९६०च्या दशकापासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेत आले आहे, त्यामुळे इथे सहज न सापडणाऱ्या पुस्तकाचा तपशीलही तिथे मिळू शकतो.

मात्र तिथे शोधताना एक गोम लक्षात ठेवावी लागते. त्या नोंदींत मराठी नावे रोमन लिपीत आणि प्रत्येक व्यंजनातला 'अ' कायम ठेवून लिहितात. आपण 'शंकर गणेश दाते' म्हणतो, तिथे ते 'शंकरा गणेशा' असे वाचता येईल अशा वर्तनीत असते. जुन्नर हे नावही शेवटी 'ए' अक्षर जोडून शोधावे लागते. एवढे माहीत नसेल तर 'पुस्तक नाही' असे उत्तर येते आणि आपण परत फिरतो.

ड्यूई दशांश पद्धतीने वर्गीकरण करणाऱ्यांना मराठी साहित्याचा ८९१.४६ हा क्रमांक पाठच असतो. अडचण येते ती स्थानिक इतिहास, शेती, कायदा अशा विषयांत. अशा वेळी त्याच किंवा जवळच्या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकाची लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली नोंद उघडून तिथे दिलेला ड्यूई क्रमांक पाहता येतो. तो जसाच्या तसा उचलण्यापेक्षा आपल्या संग्रहाला बेताचा होईल इतका ठेवावा. पाच हजार पुस्तकांच्या वाचनालयात दशांशानंतर सहा अंक लिहून कुणाचाच वेळ वाचत नाही.

## ग्रंथालय सॉफ्टवेअर

भारतात तीन नावे वारंवार ऐकू येतात.

कोहा हे खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी ते तयार झाले आणि २००० पासून वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याचे पैसे लागत नाहीत, देवनागरी चालते, आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या नोंदी आयात करता येतात. पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, किंवा सेवा देणाऱ्या कंपनीला वार्षिक पैसे द्यावे लागतात. 'फुकट' या शब्दाचा हिशेब करताना हा खर्च धरावा.

ई-ग्रंथालय हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले आहे. त्याची नवी आवृत्ती क्लाउडवर चालते, म्हणजे ग्रंथालयात स्वतःचा सर्व्हर लागत नाही. सोल हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे सॉफ्टवेअर असून ते विद्यापीठे व महाविद्यालये डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहे.

लहान वाचनालयाला लगेच यांतले काही घेणे जमत नसेल, तर साध्या स्प्रेडशीटपासून सुरुवात करावी. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, वर्गांक आणि आयएसबीएन असे स्वतंत्र रकाने ठेवले की पुढे तीच माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येते.

एक पथ्य मात्र कडक पाळावे : मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. अनेक ठिकाणी जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट असलेल्या संगणकावर त्या छान दिसतात, दुसरीकडे उघडल्या की अगम्य चिन्हे होतात, आणि त्यांत शोध घेता येत नाही. वर्षभराची मेहनत त्यामुळे वाया जाऊ शकते. फाइलची एक प्रत वाचनालयाबाहेरही ठेवावी.

## मराठी वाचकासाठीचा मजकूर

मराठी विश्वकोश हा मराठीतला सर्वांत मोठा सर्वविषयसंग्राहक कोश. वाईहून त्याचे खंड निघाले आणि त्यांतल्या नोंदी आता ऑनलाइन मोफत वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून मंडळाची अनेक पुस्तके उतरवून घेता येतात. दुकानात न मिळणारे जुने अभ्यासग्रंथ त्यांत आहेत.

शब्दाचा अर्थ हवा असेल तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतो. जुनी सनद किंवा मोडीतून लिप्यंतर केलेला कागद घेऊन येणाऱ्या वाचकाला याचा फार उपयोग होतो.

जुन्या पुस्तकांचा माग काढायचा तर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ला पर्याय नाही. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये निघाला. सूचीत पुस्तक सापडले की मग त्याची स्कॅन प्रत इंटरनेट आर्काइव्हवर किंवा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात आहे का, ते पाहावे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे अनेक संग्रहांत एकाच वेळी शोध घेऊन देते.

मुलांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा आहेत. त्या मुक्त परवान्याच्या असल्यामुळे छापून वाटायलाही हरकत नाही, फक्त श्रेय द्यावे लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. दृष्टिहीन वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय आहे. आपल्या गावात असा वाचक असेल तर त्याला सभासद करून देणे हे ग्रंथपालाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्याचा फायदा मात्र त्या वाचकाला आयुष्यभर होतो.

## महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी

इन्फ्लिबनेटचा शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा खुला संग्रह आहे. त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे, मराठीत लिहिलेलेही आहेत. विषय निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने तो पाहिला तर आधी झालेले काम समजते.

एन-लिस्ट ही महाविद्यालयांसाठीची योजना आहे. वार्षिक शुल्क भरून सभासद झालेल्या महाविद्यालयातल्या प्राध्यापक व विद्यार्थ्यांना हजारो ई-नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके घरूनही वाचता येतात. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. केंद्र व राज्य शासनाच्या उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तीत आहेत. आपली संस्था तीत बसते का, हे प्रत्येक ग्रंथपालाने तपासून घ्यावे.

सर्वांत नाजूक प्रश्न बनावट नियतकालिकांचा. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके ग्रामीण प्राध्यापकांना रोज ईमेल पाठवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यावर निवडीची जबाबदारी संस्थांवर आली. खुल्या नियतकालिकांची डीओएजे ही निर्देशिका, संपादक मंडळाची प्रत्यक्ष पडताळणी आणि आयएसएसएन क्रमांकाची खातरजमा या तीन पायऱ्या ग्रंथपालाने शिकवल्या तर कुणाचे तरी पैसे आणि नाव दोन्ही वाचतात.

## तीन स्थानिक प्रश्न, तीन वाटा

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू.

बिबट्या. जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. गुगल स्कॉलरवर जुन्नर, लेपर्ड, ट्रान्सलोकेशन हे तीन शब्द इंग्रजीत टाकले की तो सापडतो. त्याचा सारांश फुकट वाचता येतो. त्यात असे दिसले की पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम २००१ मध्ये सुरू होण्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, नंतर ते १७ झाले. म्हणजे 'पकडा आणि लांब सोडा' हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. हल्ल्यात माणूस गमावलेल्या घराला हे ऐकणे जड जाईल, आणि ग्रंथपालाने वाद घालायचा नसतो. पण ग्रामसभेत बोलणाऱ्याच्या हातात हा कागद असेल तर चर्चा वेगळी होते. संपूर्ण लेख सशुल्क असेल तर गुगल स्कॉलरवर 'सर्व आवृत्त्या' पाहाव्यात. लेखकांनी स्वतः ठेवलेली मोफत प्रत पुष्कळदा तिथे मिळते.

माळीण. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. त्याबद्दल बातम्या भरपूर मिळतात, पण प्रकल्पाला त्या पुरत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडप्रवणतेचे नकाशे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये भारताचा भूस्खलन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तोही ऑनलाइन आहे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहचित्रे पाहता येतात. पश्चिम पट्ट्यातल्या इतर वाड्यांना हा केवळ इतिहासाचा विषय नाही.

नाणेघाट. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. जुन्नर, लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट यांची सविस्तर वर्णने त्यात आहेत आणि स्कॅन प्रती मोफत मिळतात. पण तो इंग्रज अंमलातला, सव्वाशे वर्षांहून जुना ग्रंथ आहे. त्यातले वाचन आणि कालनिर्णय पुढच्या संशोधनाशी ताडून पाहावेत. त्यासाठी शोधगंगा आहे. पश्चिम भागातल्या महादेव कोळी, ठाकर समाजांविषयी काही हवे असेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची प्रकाशने पाहावीत.

आणखी एक उदाहरण मुलांना आवडेल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिच्या निरीक्षणांवरचे अनेक शोधनिबंध अर्काइव्ह या खुल्या संग्रहात कुणालाही वाचता येतात. म्हणजे आपल्या शिवारात टिपलेल्या लहरींवर जगात काय लिहिले गेले, ते गावातल्या वाचनालयात बसून पाहता येते.

## ग्रंथपालाचे स्वतःचे शिक्षण

इग्नूच्या ग्रंथालयशास्त्र अभ्यासक्रमांचे साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर खुले आहे. पदव्युत्तर पातळीसाठी ई-पीजी पाठशाला, तर व्हिडिओ अभ्यासक्रमांसाठी स्वयम उपयोगी पडते. मराठीतून पदवी घ्यायची असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

वाचनासाठी दोन भारतीय नियतकालिके खुली आहेत : 'अॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' आणि डेसिडॉकचे ग्रंथालय व माहिती तंत्रज्ञानविषयक नियतकालिक. जगभरचे लेखन शोधायला लिस्टा ही मोफत सूची आणि ई-लिस हा खुला संग्रह आहे. इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने युनेस्कोसोबत २०२२ मध्ये सुधारलेला सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा संचालक मंडळाच्या बैठकीत एकदा वाचून दाखवण्यासारखा आहे.

## हक्कांचे भान

व्हॉट्सअॅपवर फिरणारी पुस्तकांची पीडीएफ बहुधा बेकायदा असते. वाचनालयाने ती वाटू नये. भारतात लेखकाच्या हयातीतल्या प्रकाशित पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके २०११ पासून मुक्त आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांची अजून नाहीत. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्याने आहे. ती प्रत सगळ्यांना पाठवण्याची मुभा मात्र त्यात येत नाही.

## सुरुवात कुठून करावी?

तुटपुंज्या मानधनावर, बऱ्याचदा एकट्याने वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाला ही यादी पाहून दडपण येईल. सगळे एकदम करायचे नाही. पहिल्या महिन्यात पाच साधने निवडून त्यांचे दुवे एका कागदावर लिहावेत : विश्वकोश, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, स्टोरीवीव्हर आणि संचालनालयाचे संकेतस्थळ. तो कागद देवघेवीच्या टेबलाशेजारी लावावा. रेंज नीट नसलेल्या गावात मोफत व मुक्त परवान्याचा मजकूर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. वाचकाने विचारलेला आणि आपल्याला उत्तर न सापडलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत लिहावा. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल की आपल्या गावाला पुढे कोणते साधन हवे आहे.

आणि एक काम उलट दिशेचे. यात्रेच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांचे जुने अहवाल, डिंभे धरणाखाली गेलेल्या गावांची कागदपत्रे, तमाशा फडांची हस्तपत्रके यांतले कितीतरी कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. ते असेल तर गावातल्या एखाद्या घरात, ट्रंकेत. ते मागून आणणे, त्याची नोंद करणे आणि हक्क तपासून ते जपणे हे काम कोणतेही शोधयंत्र करू शकत नाही. ते गावचा ग्रंथपालच करू शकतो.